नोड तीन परत बोलू लागला: सी३, जीपीआयओ ९ आणि बंद केलेली रेल

मंडळी, द्राक्षबागेतली हवा आणि माती मोजणारा माझा नोड तीन मधूनच गप्प व्हायचा, ते कोडं सुटलं. उत्तर चिपच्या जीपीआयओ ९ या पिनवर होतं. ते कळेपर्यंत मी बॅटरी, सोल्डरिंग, डबीचं सीलिंग, सगळ्यावर संशय घेऊन झालो होतो.

मांडणी अशी: ईएसपी३२-सी३ सुपर मिनी (वाय-फायवाला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), तापमान-आर्द्रतेचा एसएचटी३१, मातीची ओल मोजणारा कपॅसिटिव्ह माती-सेन्सर, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल थेट ३.३ व्होल्टच्या पिनवर, आणि सेन्सरांची रेल, म्हणजे पुरवठ्याची तार, तोडायला एओ३४०१ मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. डीप स्लीपमध्ये (चिपच्या गाढ झोपेत) पिना मोकळ्या सुटतात म्हणून मॉस्फेटच्या गेटवर १०० के (किलोओहम) चा पुल-अप, म्हणजे वर ओढणारा रेझिस्टर. उठायचं, रेल चालू करायची, वाचन घ्यायचं, रेल बंद, मग वाय-फाय, पाठवलं की परत झोप. टेबलावर हे सगळं घड्याळासारखं चाललं. बागेत लावलं की चार-दोन दिवस नीट, मग एकदम गप्प. काकांचा फोन, "अरे, तुझं ते यंत्र परत झोपलं बघ." खरं तर ते झोपलेलं नव्हतंच, आणि सगळी गोम तिथेच होती.

ऑक्टोबर छाटणीनंतरचा काळ. डावणी या बुरशीच्या रोगाची धास्ती असते, रात्रीची आर्द्रता कळणं महत्त्वाचं, आणि नोड गप्प. जाऊन पाहावं तर सेल रिकामा. यूएसबी लावली की बोर्ड लगेच जिवंत, लॉगमध्ये काहीच वावगं नाही. सी३ ची आतली यूएसबी सोयीची खरी, पण इथे तीच आड आली, कारण केबल लावली की बोर्डाला नवा पुरवठा मिळतो आणि आजार पळून जातो. म्हणून लॉग वाचायला वेगळा यूएसबी-टीटीएल घेतला, त्याचा आरएक्स (ऐकणारी पिन) जीपीआयओ २१ ला, म्हणजे सी३ च्या यूएआरटी० या सिरियल पोर्टच्या टीएक्सला (बोलणाऱ्या पिनला), आणि ग्राउंड. पुरवठ्याची तार अजिबात नाही. बेंच सप्लायवरून ३.३ देऊन करंट लिमिट हळूहळू खाली आणत गेलो. वाय-फाय सुरू होताना ब्राउनआउट रिसेट (व्होल्टेज पडल्याने चिप पुन्हा सुरू होणं) दिसू लागले. ते अपेक्षित होतं. डेटाशीटप्रमाणे ८०२.११बी ला पूर्ण जोरात सी३ ३३५ मिलिअँपपर्यंत ओढतो, आणि पहाटेच्या गारठ्यात अर्धा उतरलेला सेल तिथे वाकणारच. रिसेट होऊन परत उठायला हवा होता, आणि बहुतेक वेळा उठतही होता. पण मधेच एकदा स्क्रीनवर आलं: 'वेटिंग फॉर डाउनलोड'.

बूट बटण कोणी दाबलेलं नाही, तरी चिप प्रोग्रॅमची वाट बघत बसलेली. या अवस्थेत ती जागी असते, डीप स्लीपचे पाच मायक्रोअँप विसरा, मिलिअँप खात राहते. सेल रिकामा होण्याचं कारण हेच.

मल्टिमीटर जीपीआयओ ९ वर ठेवला तर जेमतेम अर्धा व्होल्ट. बूट बटण याच पिनवर असतं, रिसेटच्या वेळी ही पिन खाली असली की चिप डाउनलोडमध्ये जाते, आणि एरवी ती वर राहावी म्हणून आत कमजोर पुल-अप असतो, साधारण ४५ के चा. तो असताना पिन खाली कोण ओढतंय? अर्ड्युइनो कोअरमध्ये सी३ ची डिफॉल्ट आय-टू-सी (सेन्सरशी बोलायच्या दोन तारा) म्हणजे एसडीए ८ आणि एससीएल ९. एसएचटी३१ च्या मॉड्यूलवर दोन्ही रेषांना १० के चे पुल-अप आहेत, पण ते मॉड्यूलच्या व्हीसीसीला बांधलेले. मॉस्फेटने व्हीसीसी तोडला की ती रेल माती-सेन्सरमधून ग्राउंडकडे रिकामी होते, आणि मग तेच पुल-अप पुल-डाउन होऊन बसतात. ४५ के वरून, १० के खालून. गणित करा, अर्धा-पाऊण व्होल्टच येतो. चिपसाठी तो स्वच्छ शून्य.

आता हे रोज का होत नव्हतं? सी३ स्ट्रॅपिंगच्या पिना (कसं बूट व्हायचं ते ज्यांवरून ठरतं त्या), म्हणजे २, ८ आणि ९, पॉवर-ऑन, ब्राउनआउट अशा सिस्टीम रिसेटच्या वेळी वाचतो. ब्राउनआउट झालाच नाही तर काही बिघडत नाही. झाला तरी रेलच्या कपॅसिटरमध्ये थोडा चार्ज उरलेला असेल तर ९ वर पुरेसा व्होल्टेज राहतो आणि चिप नीट उठते. रेल पूर्ण रिकामी झालेली असेल तर अडकते. सेल भरलेला असताना काही नाही, अर्ध्यावर आला की जुगार. टेबलावर यूएसबीच्या पुरवठ्यावर हे दिसणं शक्यच नव्हतं. त्यात ८ वर माझ्या बोर्डाचा स्वतःचा पुल-अप आहे, म्हणून तो अर्ध्यावर लोंबकळतो आणि वाचला जातो वरचा. ८ आणि ९ दोन्ही खाली असणं हे तर चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफच्या कागदात अवैधच आहे, तेव्हा काय होईल याची खात्री नाही.

जुन्या ईएसपी३२ वाल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथे जीपीआयओ १२ ही पिन बूटच्या वेळी वरच्या बाजूला ओढली गेली की फ्लॅशला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट मिळतो आणि बूट होत नाही. पिना बदलल्या, स्वभाव तोच.

पहिला उपाय सरळ: आय-टू-सी ६ आणि ७ वर हलवली. कोडमध्ये वायर डॉट बिगिन या ओळीत दोन आकडे आणि दोन तारा. मग बेंच सप्लायवर मुद्दाम ब्राउनआउटवर ब्राउनआउट दिले. प्रत्येक वेळी सरळ बूट. ते ओळीने येणारे बूट मेसेज बघताना जो आनंद झाला तो इथल्या लोकांनाच कळेल.

बाकी पिनांचा हिशेबही त्या निमित्ताने बसला. एडीसी (व्होल्टेज मोजणं) ०, १, ३, ४ या पिनांवरच ठेवायचं. ५ वर एडीसी२ आहे, त्याच्या नादी लागू नका, इरॅटामध्येच (कंपनीच्या चुकांच्या यादीत) तो भरवशाचा नाही म्हटलंय. डीप स्लीपमधून पिनने उठवायचं तर फक्त ० ते ५ चालतात, म्हणून पर्जन्यमापकाचा रीड स्विच ३ वर. माती ० वर, बॅटरीचा डिव्हायडर १ वर, मॉस्फेटचा गेट १० वर. २, ८, ९ ला आता बाहेरचं काही जोडायचं नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि एसएचटी३१ ची डेटाशीट परत उघडली. सिंगल-शॉट मोडमध्ये मोजमाप नसताना तो साधारण ०.२ मायक्रोअँप घेतो. मग त्याची वीज तोडायचीच कशाला? मॉस्फेट हवा तो फक्त माती-सेन्सरला, त्याच्यावरची ५५५ टायमर चिप काही मिलिअँप खाते. एसएचटी३१ कायम ३.३ वर ठेवला तर त्याचे पुल-अप कायम वर राहतात आणि मूळ भानगडच उरत नाही. आय-टू-सी रेषांमधून बंद मॉड्यूलला चोरून वीज पोचण्याचा प्रश्नही मिटतो. म्हणून नोड चारमध्ये रेल दोन: एक कायमची, एक तोडायची. मात्र मॉड्यूलवर स्वतःचा रेग्युलेटर असेल तर तो आधी काढा, नाहीतर वाचवलेलं सगळं तोच खाऊन टाकेल. बोर्डावरच्या लाल पॉवर एलईडीचंही तेच. माझ्या प्रत्येक सुपर मिनीवरून तो आधी जातो.

सुपर मिनीबद्दल एक स्पष्ट मत. किंमत बघता बोर्ड उत्तम, पण काही बॅचमध्ये क्रिस्टल सिरॅमिक अँटेनाला इतका चिकटवलेला असतो की वाय-फाय जोडणीच होत नाही. ट्रान्समिट पॉवर ८.५ डीबीएमवर आणली की बहुतेक जोडतात, आणि करंटचा झटकाही कमी होतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत घेताना भिंग घेऊन जा आणि दोन्हींमधली जागा बघून निवडा. ऑनलाइन मागवलं तर जे येईल ते. एका विक्रेत्याने मला सी३ म्हणून दिलेल्या पाकिटात दोन वेगळ्या लेआउटचे बोर्ड निघाले, विचारलं तर उत्तर नाही. बागेच्या टोकाच्या नोडला मी आता बाहेरच्या अँटेनाचा झियाओ सी३ बोर्ड लावणार आहे. महाग आहे, पण द्राक्षाच्या ओल्या पानांतून सिग्नल काढायचा तर तेवढं द्यावं लागतं.

ब्राउनआउटचं मूळ अजून आहेच. सेलच्या पायाशी ४७० मायक्रोफॅरॅड लावलाय, पण खरा उपाय जागं राहण्याचा वेळ कमी करणं. राउटरशी जोडणी, डीएचसीपी (पत्ता मिळवणं), एमक्यूटीटी (संदेश पाठवणं) यात काही सेकंद जातात. माझं अख्खं वाचन वीस बाइटांच्या आत आहे आणि ईएसपी-नाऊच्या (राउटरशिवाय बोर्ड ते बोर्ड बोलण्याच्या पद्धतीच्या) जुन्या आवृत्तीतही एका पॅकेटात २५० बाइट मावतात. अडचण चॅनेलची: रिसीव्हर राउटरला जोडलेला असेल तर राउटरच्या चॅनेलवरच राहतो, आणि राउटरने चॅनेल बदलला की नोड बहिरे. म्हणून मोटारीच्या खोलीत दोन सी३ ठेवतोय. एक फक्त ईएसपी-नाऊ ऐकेल, ठरलेल्या चॅनेलवर, आणि यूएआरटीवरून दुसऱ्याला देईल. वाय-फाय दुसऱ्याकडे. दोन स्वस्त बोर्ड, पण एकमेकांच्या पायात पाय नाही.

याच घराण्यातल्या ईएसपी३२-सी६ वर उडी मारणाऱ्यांनी एवढं बघून घ्या: ८ आणि ९ तिथेही स्ट्रॅपिंगच आहेत, आणि ४, ५, १५ त्यात भर. नोड चारची पिन-मांडणी कागदावर तयार आहे. माती-सेन्सरचा मॉस्फेट सोल्डर झाला की करंटचा आलेख टाकतो. तोवर कोणी ईएसपी-नाऊ द्राक्ष मांडवाखाली दीडशे मीटरच्या पुढे चालवलं असेल तर अँटेना कितीच्या उंचीवर होता ते सांगा.