आमची वाटचाल : उद्यमबागेत होणाऱ्या सोलायच्या सुऱ्या

आमचं वर्कशॉप बेळगावात उद्यमबागेत आहे. आजूबाजूला सगळं फाउंड्री आणि मशिनिंगचं काम, कोण क्रँकशाफ्ट करतंय, कोण हायड्रॉलिकचे पार्ट, आणि त्यात मधेच आमचं छोटं शेड जिथं फक्त सुऱ्या होतात. बरेच जण फोनवर विचारतात की तुम्ही हरणाचं कातडं सोलायच्या सुऱ्या करता म्हणे, त्या नेमक्या कशा असतात, कुठली घ्यायची, आणि हे बेळगावात कसं काय सुरू झालं, तर एकदा सगळं नीट लिहून काढतो.

आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले, घराणं लोहारकामातलं. आजोबा विळे, कोयते, नांगराचे फाळ करायचे, गाडीच्या जुन्या कमानपाट्यातून. बाबा कामाला बेळगावात आले, आधी फाउंड्रीत आणि मग एका हीट ट्रीटमेंटच्या युनिटमध्ये, आणि तिथं त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की आजोबा भट्टीतल्या लोखंडाचा रंग बघून जे पाणी देत होते तेच इथं फर्नेसवर आकड्यात चाललंय. मग रविवारी घरच्या मागच्या बाजूला ते सुऱ्या करायला लागले. स्टील बेअरिंगचं, ईएन-३१, म्हणजे साधारण एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कॅम्पातले आणि कसाई गल्लीतले मटणवाले. बाजारातली सुरी दुपारपर्यंत बोथट व्हायची आणि बाबांची संध्याकाळपर्यंत चालायची, एवढ्या एका गोष्टीवर आमचा धंदा उभा राहिला, जाहिरात अशी कधी केलीच नाही. श्रावणात काम थंड, बकरी ईदच्या आधी रात्री जागून ग्राइंडिंग, आणि गावोगावच्या लक्ष्मीच्या जत्रा लागल्या की खेड्यातून माणसं धार लावायला पोत्यात सुऱ्या घालून यायची, ते अजूनही येतात.

हरणाचा विषय आला तो न्यूझीलंडमुळे. आमच्या गल्लीतला एक पोरगा तिकडे मीट प्लांटमध्ये कामाला आहे, तो सुट्टीला आला तेव्हा आमची एक सुरी घेऊन गेला, त्याच्या ओळखीत शिकारीचं सामान विकणारा एक दुकानदार होता त्यानं ती बघितली आणि विचारलं की हे लोक स्किनिंग नाइफ, म्हणजे कातडं सोलायची सुरी, करतील का. तिकडची परिस्थिती आपल्या उलट आहे. तिथलं हरीण हे तिथलं मूळचं जनावरच नाही, एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी शिकारीसाठी ब्रिटनमधून नेऊन सोडलं, त्याला खाणारा वाघ-बिबट्या तिथं कोणी नाही त्यामुळं संख्या वाढली आणि झाडोरा खाऊन जंगल उजाड व्हायला लागलं. म्हणून सरकार परमिट देतं आणि लोक शिकार करून मटण घरी नेतात. शिवाय हरणांची शेतीसुद्धा आहे, आपल्याकडे शेळीपालन असतं तशी. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचं हरीण, त्याचा सीझन प्रत्येक राज्य ठरवतं आणि लायसन्स लागतं.

आपल्याकडचं स्पष्ट सांगून ठेवतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं इथं हरणाची शिकार बंद आहे, चितळ असो, सांबर असो, भेकर असो. खानापूरचं भीमगडचं जंगल २०११ साली अभयारण्य झालं, आमचं मूळ गाव त्याच बाजूचं, ती जनावरं आम्ही लहानपणापासून बघत आलोय आणि ती तिथं तशीच राहावीत असं मनापासून वाटतं. त्यामुळं कोणी 'जंगलात जायचंय, एक चांगली सुरी द्या' म्हणून आला तर त्याला आम्ही माल देत नाही. ही मॉडेल्स फक्त बाहेर जातात, इथं शेळी-मेंढीच्या कामाची वेगळी आहेत.

आता सुरीचं. तिकडून पहिली मागणी आली ती फोटोसकट, फोटोत मोठं सात-आठ इंची पातं, पाठीवर दाते, पुढं बाकदार टोक, बघायला एकदम भारी. बाबांनी फोटो बघितला आणि म्हणाले हे भिंतीवर लावायला ठीक आहे. मला तेव्हा वाटलं गिऱ्हाईक मागतंय ते द्यावं, पण बाबा ती सुरी डोक्यात घेऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन कॅम्पातल्या एका जुन्या मटणवाल्या मामांकडं गेले. हरीण काय आणि बकरं काय, आतली रचना जवळजवळ तीच, दोन्ही रवंथ करणारी, दोन्ही टांगून सोलायची. मामांना आम्ही दोन-तीन आकाराची कच्ची सॅम्पल करून दिली आणि नुसतं बघत उभे राहिलो. त्या सकाळी जे बघितलं त्यावर आमचं आजचं मॉडेल उभं आहे.

मामांनी जनावर मागच्या पायांवर टांगलं, पायाच्या सांध्याभोवती कातडं गोल कापलं, मग मांडीच्या आतून खाली एक सरळ चीर घेतली, पण ती वरून नाही, पातं कातड्याच्या खाली घालून धार वरच्या बाजूला करून आतून बाहेर. कारण वरून कापलं की केस कापले जातात, ते मटणाला चिकटतात आणि केसातली माती-रेती धार खाऊन टाकते. हरणाचे केस तर जाड आणि आतून पोकळ, तिथं हा नियम दुप्पट लागू. मग पोटाशी आले तेव्हा दोन बोटं पात्याच्या दोन बाजूला लावून टोक बोटांच्या मधे झाकून पुढं सरकवत नेलं. माझं एक सॅम्पल हातात घेऊन म्हणाले, "टोक एवढं तरतरीत कशाला केलंस रे बाळ? आतडं फुटलं तर सगळं मटण वासाला लागतंय." आणि त्यानंतर कातडं उतरवायला सुरी जवळजवळ वापरलीच नाही, हाताची मूठ कातड्याच्या आत घालून ढकलत, एका हातानं ओढत, फक्त जिथं पातळ पडदा अडतो तिथं पात्याच्या गोल भागानं एक हलका हात मारायचा. जनावर गरम असताना कातडं सुटतं, गार झालं की आवळून बसतं.

म्हणजे सोलायच्या सुरीला लांबी लागत नाही, पोट लागतं. पात्याचा पुढचा भाग भरपूर गोल पाहिजे म्हणजे एका हालचालीत धारेचा मोठा भाग पडद्यावर फिरतो आणि कातड्याला भोक पडत नाही. टोक पाठीकडून थोडं खाली उतरलेलं पाहिजे, ज्याला ड्रॉप पॉइंट म्हणतात, ते आतड्यात घुसत नाही. लांबी साडेतीन इंच, फार तर चार. आम्ही तिकडं तेच कळवलं, सॅम्पल पाठवली, आणि सात इंचीची मागणी आपोआप गळून पडली. पाठीवरचा हूक, गट हूक म्हणतात तो, काही जणांना लागतोच, पोट उघडायला तो सोपा आहे हे खरं, नवशिक्याला तर नक्कीच, पण त्याला धार लावणं म्हणजे गोल कानस घेऊन बसणं आणि पाठीवर हूक आला की त्या बाजूला बोट टेकवून बारीक काम करता येत नाही. मागितला तर करतो. माझं मत विचाराल तर बिनहुकाची घ्या आणि दोन बोटांची पद्धत शिका.

दुसरी गोष्ट म्हणजे एका सुरीत सगळं होत नाही. कातडं उतरलं की काम बदलतं. पुढचा पाय धडाला हाडानं जोडलेलाच नसतो, नुसत्या स्नायूनं धरलेला असतो, बगलेतून पातं फिरवलं की अख्खा पाय हातात येतो, करवत लागत नाही. मागच्या मांडीला मात्र खुब्याचा सांधा शोधून तिथं टोक घालावं लागतं. मग हाडापासून मांस सोडवायचं आणि वरचा चंदेरी पडदा काढायचा, आणि हरणाची चरबी तर मेणासारखी टाळूला चिकटते, चवीला बरी नाही, तीही काढून टाकतात. ह्या सगळ्याला गोल पोटाची जाड सुरी हातात नकोशी होते. इथं पाच-सहा इंचाची अरुंद, थोडी लवणारी बोनिंगची सुरी लागते, जी हाडाच्या कडेनं वळत जाईल. म्हणून आमचा माल जोडीनं जातो, एक सोलायची आणि एक हाड सोडवायची. हाड तोडायला ह्यातली कुठलीच वापरू नका, त्याला करवत किंवा सत्तूर. धारेचे दात पडलेल्या सुऱ्या परत येतात त्या बहुतेक कोणीतरी खुब्याच्या किंवा कमरेच्या हाडात घालून पिळलेल्या असतात.

स्टीलबद्दल लोक फार वाद घालतात आणि सगळ्यांना वाटतं जेवढं कडक तेवढं चांगलं. तसं नसतं. सोलायची सुरी आम्ही ५८ ते ६० एचआरसीवर (एचआरसी म्हणजे स्टीलचा कडकपणा मोजायचं माप) ठेवतो, बोनिंगची ५६ ते ५८, कारण ती लवायला पाहिजे, जास्त कडक केली तर लवायच्या ऐवजी तुटेल. ईएन-३१ ला साधारण ८३० डिग्रीला तापवून तेलात बुडवायचं आणि मग दोनशेच्या आत-बाहेर टेम्परिंग, म्हणजे परत हलकं तापवून ठिसूळपणा काढणं, हे न करता सोडलं तर पातं जमिनीवर पडून काचेसारखं फुटतं. डी-२ हे दुसरं एक स्टील, त्यात बारा टक्के क्रोमियम, धार खूप टिकते, पण एकदा गेली की रानात बसून छोट्या दगडावर परत आणताना घाम निघतो. आणि डी-२ ला लोक स्टेनलेस समजतात ते काय पूर्ण स्टेनलेस नाही, रक्त लागलेली रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी डाग दिसणारच. ज्याला सुरी पुसायचा कंटाळा आहे त्यानं सरळ ४४० सी, हे स्टेनलेस स्टील, घ्यावं. धारेचा कोन सोलायच्या सुरीला एका बाजूनं वीस डिग्रीच्या आसपास, म्हणजे कातड्याच्या कामाला तग धरते. पाठ तीन मिलिमीटर पुरते, त्याहून जाड केली की ती पाचर होते, कापत नाही.

मुठीचा विषय आमच्या दृष्टीनं पात्याएवढाच मोठा. हातात रक्त आणि चरबी असते, थंडीत बोटं बधिर, आणि घसरली की पहिलं बोट जातं. गुळगुळीत पॉलिशची शिसवी मूठ दुकानात हातात घेतली की छान वाटते, कामात घसरते. तिकडून खूप जण हरणाच्या शिंगाची मूठ मागायचे, जुनी फॅशन आहे ती, पण चितळ-सांबराच्या शिंगाचा व्यापार आपल्याकडे चालत नाही, झाडाखाली गळून पडलेलं शिंग असलं तरी, त्यामुळं त्याला सरळ नाही म्हणतो. मग काय वापरायचं ह्याचं उत्तर आम्हाला उद्यमबागेतच मिळालं. कापड आणि रेझिनचं जे हायलम शीट इथं इलेक्ट्रिकल आणि मशीनच्या कामाला सगळीकडे पडलेलं असतं तेच. त्याला पॉलिश न करता थोडं खरखरीत सोडायचं, ओलं झालं की उलट जास्त पकड येते, पाणी पीत नाही, उकळत्या पाण्यात धुतलं तरी काही होत नाही. काही मालाला भगव्या-नारिंगी मुठी करतो, कारण संध्याकाळी पाचोळ्यात ठेवलेली सुरी सापडत नाही आणि माणूस ती तिथंच विसरून येतो.

निर्यातीचं काम कागदाचं आहे, आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, काढा, बँकेत पत्ता जुळवा, इन्व्हॉइसवर सुरी कशासाठी आहे ते नीट लिहा. सुरुवातीला सॅम्पल कुरिअरनं पाठवताना पातं म्हटलं की समोरचा माणूस दचकायचा. नऊ इंचाहून लांब किंवा दोन इंचाहून रुंद पात्यांना शस्त्राचे नियम आड येऊ शकतात, घरगुती, शेती आणि कारखान्याच्या कामाची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत, आणि आमच्या सुऱ्या मापानंही त्याच्या खूप आत. खरा शत्रू पाऊस. बेळगावचा जून ते सप्टेंबर म्हणजे ग्राइंडिंग करून ठेवलेलं पातं चहा पिऊन येईपर्यंत तांबूस, म्हणून त्या महिन्यांत घासलं की लगेच तेल, आणि पेटीत गंज धरू न देणारा कागद. न्यूझीलंडला लाल हरणांचा माजाचा काळ मार्च-एप्रिलमध्ये असतो, तेव्हा शिकारी जास्त निघतात, त्यामुळं दिवाळी आटपली की आमची घाई सुरू, माल न्हावा शेवा बंदराला वेळेत पोचला पाहिजे.

ह्या सगळ्याचा फायदा इथल्या गिऱ्हाइकालाही झाला. आधी मटणवाले सगळं काम एकाच लांब सुरीनं करायचे, आता कॅम्पातल्या आणि निपाणी-चिकोडीकडच्या बऱ्याच दुकानांत आमची छोटी गोल पोटाची सुरी सोलायला असते आणि खिमा-बोनलेसच्या कामाला लवणारी वेगळी. हायलमची मूठ पण तिथं चालली. मामांनी दोन्ही ठेवल्यात, फक्त बोनिंगच्या सुरीची मूठ त्यांच्या हाताला बारीक होती ती जाड करून दिली, आणि तेच माप आता मोठ्या हातवाल्यांसाठी आम्ही कायम ठेवलंय.

घ्यायची असेल तर फोनवर एवढं सांगा, जनावर कुठलं, टांगून सोलता की जमिनीवर, हात मोठा की लहान, आणि धार स्वतः लावता की आमच्याकडं पाठवणार. धार आम्ही आमच्या प्रत्येक सुरीला फुकट लावून देतो, येण्या-जाण्याचं भाडं तेवढं तुमचं, आणि पाठवताना धारेवर पुठ्ठा गुंडाळून पाठवा, पिशवी उघडणारा आमचा कामगार असतो.