माझा अनुभव: रिडेव्हलपमेंटचा मेल आणि ‘रिप्लाय ऑल’

सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटमध्ये आर्किटेक्ट नेमणं, मापं घेणं, सगळं वेळेत झालं. अडलो ते मेलवर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही म्हणून लिहितोय.

फिजिबिलिटी रिपोर्ट, म्हणजे प्रकल्प परवडेल का याचा अहवाल, सगळ्या सभासदांना पाठवला, खाली साधे प्रश्न: एरिया जास्त हवा की कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम), पार्किंग कसं, बांधकाम चालू असताना भाडं किती. पहिलं उत्तर ‘ओके’, तेही रिप्लाय ऑल करून. मग ‘नोटेड’, ‘थँक्यू’, कोणी त्यातच गच्चीच्या लीकेजचं काढलं, एका काकांनी जुना मेल उघडून त्याच्यावरच पार्किंगचं लिहिलं, वर सब्जेक्ट ‘शुभ दीपावली’. एकजण नुसतं ‘हो, चालेल’. अहो, कशाला हो? बिल्डर निवडायला 2019 च्या जीआरप्रमाणे निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान 51 टक्के सभासदांची संमती लागते, ती खास सभेत घेतात, आणि हे नंतर म्हणतात मी तर मेलवर संमती दिली होती! प्रत्येक उत्तराखाली आधीचे सगळे मेल तसेच, फोनवर सरकवून सरकवून बोट दुखतं. त्यात जीमेलवर शंभरच्या वर मेल गेले की नवी साखळी सुरू होते, सब्जेक्ट बदलला तरी तुटते. आर्किटेक्टची एक महत्त्वाची शंका या सगळ्यात बुडाली, काम थांबलं आणि लोक विचारतात पुढे काय झालं.

मग मी एका मेलमध्ये एकच प्रश्न ठेवला, सब्जेक्टमध्येच ‘पार्किंग, उत्तर 15 तारखेपर्यंत’ असं लिहिलं, आणि सगळ्यांचे पत्ते बीसीसीत टाकले, म्हणजे एकमेकांना ते दिसत नाहीत. आता रिप्लाय ऑल दाबलं तरी उत्तर फक्त मलाच येतं. आलेली सगळी उत्तरं एकत्र करून मात्र सगळ्यांना पाठवायचीच, नाहीतर संशय येतो, आणि तो रास्तच आहे. आठवड्यात उत्तरं आली, खूप हलकं वाटलं.

उत्तर देताना ज्या प्रश्नाबद्दल बोलताय तेवढी ओळ ठेवा, बाकीचं उडवा, त्याखाली आपलं लिहा. विषय नवा असेल तर मेलही नवा लिहा. आभार मानायचे तर ज्याने काम केलं त्याला एकट्याला पाठवा, त्याला जास्त बरं वाटतं. आणि हो, रिप्लाय केल्यावर अटॅचमेंट सोबत जात नाही, प्लॅन दाखवायचा असेल तर फॉरवर्ड करा. जीमेलच्या सेटिंगमध्ये अनडू सेंड 30 सेकंदांवर ठेवा, चुकून सगळ्यांना गेलेला मेल तेवढ्यात परत घेता येतो.