मस्टरवर फक्त मुकादम

दिवाळीनंतर चिकोडी-संकेश्वरकडच्या फडात ऊसतोड टोळ्या उतरल्या की हिशेब कसा चालतो, हे इकडं कुणाला सांगायला नको. उचल मुकादमाच्या हातून, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि व्यवहार सगळा मुकादमाशी. हे डोळ्यांपुढं ठेवलं की अमेरिकेतल्या सेंट्रल पॅसिफिक रेल्वेवरचे चिनी मजूर लगेच कळतात.

कॅलिफोर्नियातून पूर्वेकडं निघालेल्या या कंपनीकडं गोरे मजूर टिकत नव्हते. आयरिश त्यात पुष्कळ. पगार हातात पडला की ते नेवाडाच्या चांदीच्या खाणींकडं पळायचे. १८६५ मध्ये कंपनीच्या मालकांपैकी एक, बांधकाम बघणारा चार्ल्स क्रॉकर, यानं सुचवलं, चिनी घेऊ. कामावरचा साहेब स्ट्रोब्रिज आधी तयार नव्हता. एवढ्याशा अंगाची माणसं डोंगर काय फोडणार, असं त्याचं म्हणणं. चाचणीला पन्नासेक घेतले. दोन वर्षांत त्यांचा आकडा दहा हजारांच्या वर गेला.

‘चिनी स्वस्त’ म्हणतात ते कसं, तेही बघा. आयरिश मजुराला महिना ३५ डॉलर आणि वर जेवण. चिन्याला सुरुवातीला तिशीच्या आसपास, १८६७ मध्ये ३५. पण तांदूळ, सुकी मासळी, स्वयंपाकी सगळं स्वतःच्या पैशानं. पगार मुकादमाकडं जायचा, तो किराणा वजा करून उरलेलं वाटायचा. आकडा सारखा दिसला तरी फरक जेवणात मुरलेला होता. चहासाठी पाणी उकळायचं म्हणून चिनी टोळ्यांत हगवण मात्र कमी असे.

वाटेतल्या सिएरा नेवाडा या डोंगररांगेच्या माथ्यावरचा बोगदा १,६५९ फुटांचा, सगळा ग्रॅनाइट. एकानं पोलादी पहार धरून प्रत्येक घावानंतर थोडी फिरवायची, दोघांनी घण घालायचे. पहार फिरवली नाही तर ती भोकातच अडकते. मग भोकात दारू भरून वात लावायची. दगड इतका कठीण की कितीदा बार भोकाच्या तोंडातूनच उडून जाई आणि दगड जागचा हलत नसे. म्हणून मध्ये उभी विहीर खणून चार तोंडांनी काम काढलं, तरी एका तोंडाला दिवसाला जेमतेम फूटभर. नायट्रोग्लिसरीन या जहाल स्फोटकानं वेग वाढला, पण न फुटलेला अंश भोकात राहिला आणि त्यावर घाव बसला, तर माणूसच जायचा. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे घाट उतरताना बोगदे मोजणाऱ्यांना याचा अंदाज येईल.

जून १८६७ मध्ये चिन्यांनी संप केला. ४० डॉलर हवेत, कामाचे तास कमी हवेत. ना दंगा, ना दगडफेक. क्रॉकरनं डोंगरावर जाणारा शिधा बंद केला. आठवड्यात संप मोडला.

आयरिशांना तरी कुठं मान होता! दुष्काळातून आलेले, कॅथलिक, ‘आयरिशांनी अर्ज करू नये’ अशा जाहिराती सोसलेले. पण ते गोरे धरले जात, म्हणून नागरिक होऊ शकत, मत देऊ शकत. चिन्यांना १७९० च्या कायद्यानं ते दारच बंद. पुढाऱ्यांनी कुणाला गोंजारायचं, हे तिथंच ठरलं. १८७७ मध्ये ‘चिनी गेलेच पाहिजेत’ अशी हाळी देणारा डेनिस कर्नी हा स्वतः आयर्लंडात जन्मलेला. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी करणारा कायदा झाला. तो १९४३ पर्यंत होता.

२८ एप्रिल १८६९ ला एका दिवसात दहा मैल रूळ टाकले गेले. रूळ उचलणाऱ्या आठ जणांची नावं नोंदवली गेली. शे, जॉइस, केनेडी, सुलिव्हन अशी. खिळे ठोकणारे, खडी दाबणारे चिनी शेकड्यांनी होते. कंपनीच्या मस्टरवर टोळीपुढं बहुतेक मुकादमाचं एकच नाव आहे. त्यामुळं हिमकडे कोसळून आणि सुरुंगात किती चिनी गेले, ते मस्टरवरून मोजता येत नाही.