तुमची बॅग आली का?

आवडता फुटबॉलर कधी समोर आलाच तर काय बोलायचं हे माझं फार आधीपासून ठरलेलं होतं. म्हणजे वाक्यच तयार होतं. आंघोळ करताना, रात्री झोप येत नसताना, ट्रॅफिकमध्ये अडकलेली असताना मी ते घासूनपुसून लख्ख केलेलं, आधी त्या एका मॅचमधल्या एका पासबद्दल बोलायचं (गोलबद्दल नाही, गोलबद्दल कोणीही बोलतं, पासबद्दल बोललं की त्याला कळणार की हिला गेम कळतो), मग तो हसणार, मग मी म्हणणार चला, तुम्हाला घाई असेल, आणि आपण आधी निघायचं. हे आपण आधी निघायचं फार महत्त्वाचं होतं. रुबाब राहतो.

प्रत्यक्षात तो एअरपोर्टवर बॅगांच्या बेल्टपाशी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि मी त्याला म्हणाले, "तुमची बॅग आली का?"

आता माणूस बेल्टपाशी उभा आहे म्हणजे त्याची बॅग आलेली नाही हे शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. तो सभ्यपणे "नाही अजून" म्हणाला आणि पुन्हा बेल्टकडे बघायला लागला. खेळ खल्लास. पंधरा वर्षांची तयारी गेली की हो पाण्यात.

त्याचं नाव सांगणार नाही. बिचाऱ्याने काही केलेलं नाही, तो फक्त बॅगेची वाट बघत होता.

तेव्हापासून मी असे किस्से जमवायला लागले, आपल्यापेक्षा येडे कोणी आहेत का हे बघायला, आणि आहेत, भरपूर आहेत. माझा सगळ्यात लाडका किस्सा तेव्हा लिव्हरपूल क्लबकडून खेळणाऱ्या मोहम्मद सालाहचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये एक मुलगा सालाहची गाडी दिसली म्हणून तिच्यामागे सुसाट पळत सुटला, नजर गाडीवर, आणि मधे दिव्याचा खांब. नाक फुटलं. सालाह परत आला, पोरगं ठीक आहे ना बघितलं, आणि त्याच्याबरोबर फोटो काढला. तो फोटो मी कितीदा बघितलाय. नाकावर रक्त आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू खांबाचे आभार मानतोय. आणि एका अर्थाने बरोबरच आहे, खांब मधे आला नसता तर गाडी निघून गेली असती.

गंमत अशी की आपण या लोकांना ओळखतो ते एकतर्फी. मी या बेल्टपाशी भेटलेल्या माणसाला पंधरा वर्षं दर आठवड्याला बघितलेलं, त्याचं कुठल्या कोचशी बिनसलं, कुठल्या सीझनला तो बेंचवर बसून होता, पेनल्टी मारताना तो किती पावलं मागे जातो, सगळं तोंडपाठ. सख्ख्या चुलतभावाबद्दल मला इतकं माहीत नाही. आणि त्याच्या दृष्टीने मी कोण, तर निळा स्वेटर घातलेली, बॅगेची चौकशी करणारी एक बाई. एकाकडे पंधरा वर्षांचं सामान आणि दुसऱ्याकडे काहीच नाही, मग बोलणं जुळणार कसं. म्हणून आपण एकतर गप्प बसतो नाहीतर सगळं सामान एकदम त्याच्या अंगावर ओततो, म्हणजे तुम्ही मला माहीत नाही किती आवडता, माझे वडील पण, माझा मुलगा पण, 2014 ला मी रडले होते, वगैरे. तो बिचारा थँक्यू म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

आणि ओळख पटवणारी गोष्ट चेहरा आहे की खेळ, याचाही मला हल्ली संशय येतो. 2015 मध्ये क्रिस्टियानो रोनाल्डो माद्रिदमधल्या एका भर चौकात नकली दाढी, विग आणि वाढवलेलं पोट घेऊन बॉल खेळत बसला होता. होती हेडफोनचीच जाहिरात, मान्य. पण गंमत बघा, त्या वेळी तो रेआल माद्रिदचा, त्याच शहरात खेळणारा, पायाने बॉल उडवतोय, लोकांना म्हणतोय या खेळूया, आणि लोक त्याला वळसा घालून चाललेत. शेवटी एक लहान मुलगा त्याच्याबरोबर खेळला. रोनाल्डोने विग काढला, बॉलवर सही करून त्याला दिला, आणि मग बघता बघता एवढी गर्दी. पाय तेच होते हो मघापासून! बघितले एकट्या पोराने. त्या चौकात मी असते तर मीही वळसाच घातला असता, उगाच कशाला खोटं बोला.

आधी फुटबॉलर आपल्यापासून इतके लांब नव्हते म्हणतात, आणि या बाबतीत ते म्हणणं खरं आहे. इंग्लंडमध्ये 1961 पर्यंत फुटबॉलरच्या पगाराला कायद्यासारखी मर्यादा होती, शेवटी शेवटी आठवड्याला 20 पाउंड, यापेक्षा जास्त क्लबला देताच यायचे नाहीत. त्यामुळे खेळाडू फॅन्सच्याच गल्लीत राहायचे, त्यांच्याच बसने मॅचला जायचे, तुम्ही हरलात तर सोमवारी तोंड लपवायला जागा नाही. प्रेस्टन क्लबचा टॉम फिनी इंग्लंडसाठी 76 मॅचेस खेळला आणि तो प्लंबर होता. टोपणनाव म्हणून नाही, खरा, शिकलेला, स्वतःचा धंदा असलेला प्लंबर. म्हणजे कल्पना करा, तुमचा नळ गळतोय, तुम्ही वैतागलेले, दारावर टकटक होते आणि पान्हा घेऊन इंग्लंडचा विंगर उभा. आता अशा वेळी काय बोलणार? तेच, की या, मोरी इकडे आहे. मला हे फार आवडतं. इथे वाक्य तयार करून ठेवायची गरजच नाही, नळ गळतोय ना.

इंग्लंडची 1966 ची वर्ल्ड कप जिंकलेली टीम घ्या. जेफ हर्स्ट, फायनलमध्ये तीन गोल मारणारा, त्यानेच सांगितलंय की घरी परतल्यावर त्याने लॉन कापलं आणि गाडी धुतली. पुढे तो इन्शुरन्सच्या धंद्यात गेला. आणि त्याच टीमचा लेफ्ट बॅक रे विल्सन हडर्सफील्डमध्ये अंत्यसंस्कारांचं काम बघायचा. खरंच. यावर मी बराच वेळ विचार केलाय. समजा घरात कोणी गेलंय, तुम्ही रडून रडून थकलेले, आणि काळ्या सुटात जो माणूस हळू आवाजात कागद पुढे करतोय त्याने वर्ल्ड कप उचललेला आहे. सही मागणार? सही तर तोच तुमच्याकडे मागतोय.

मँचेस्टर युनायटेडच्या एरिक कँटोनाचं तर आणखी वेगळं. 1995 च्या जानेवारीत त्याने प्रेक्षकातल्या माणसाला उडी मारून लाथ घातली, त्यालाही फॅनशी भेटच म्हणायची तर म्हणा, पण त्याची शिक्षा म्हणून कोर्टाने 120 तास समाजसेवा दिली आणि ती काय, तर लहान मुलांना फुटबॉल शिकवणं. लाथ एकाने खाल्ली आणि लॉटरी लागली भलत्याच पोरांना.

आणि हल्लीच्या काळातला म्हणाल तर एन्गोलो कान्टे. 2018, सप्टेंबर. दोन महिन्यांपूर्वी हा माणूस फ्रान्सकडून वर्ल्ड कप जिंकलाय. त्याच्या तेव्हाच्या क्लबची, चेल्सीची मॅच संपवून पॅरिसला जाणारी ट्रेन पकडायची होती, ती चुकली. मग तो लंडनमध्ये स्टेशनजवळच्या मशिदीत नमाजाला गेला, तिथे एकाने घरी जेवायला बोलावलं (आणि तो माणूस कोणाचा फॅन, तर चेल्सीच्या लंडनमधल्याच वैरी क्लबचा, आर्सेनलचा!), आणि हा गेला. जेवला, प्लेस्टेशनवर फिफा खेळला, त्या लोकांबरोबर बसून टीव्हीवर मॅचेसचे हायलाइट्स बघितले, ज्यात तो स्वतःच होता. ट्रेन चुकलेल्या कुठल्याही माणसाला हेच हवं असतं, एक घर, गरम जेवण आणि कोणीतरी रिमोट हातात देणारं.

इंग्लंडच्या डेव्हिड बेकहॅमचं पण आठवतंय? 2022 मध्ये एलिझाबेथ राणीच्या अंत्यदर्शनाला तो रांगेत उभा राहिला, मधे न घुसता, बारा तासांच्या वर. आता रिटायर झालेला का असेना, बेकहॅमच तो. माझा सगळा जीव त्याच्या पुढच्यामागच्या दोन माणसांत अडकलाय. आपल्याला मिळतात अकरा सेकंद, यांना मिळाले बारा तास. पहिल्या दहा मिनिटांत सगळं बोलून झालं असणार, तो फ्री किक, ती हेअरस्टाइल, आणि मग? मग उरले अकरा तास पन्नास मिनिटं. तिसऱ्या तासाला तर पाय दुखतात, पाचव्या तासाला कोणीतरी गोळी पुढे करतं, आठव्या तासाला तुम्ही त्याला म्हणता जरा माझी पिशवी धरता का, आलेच. त्या क्षणी तो बेकहॅम राहत नाही, रांगेतला आपला पुढचा माणूस होतो. मला वाटतं तेव्हाच खरी भेट होत असेल.

सेल्फीमुळे हे सगळं बिघडलं असं माझं मत आहे, पटो ना पटो. ऑटोग्राफच्या वेळी निदान पेन शोधायला वेळ जायचा. पेन नाही, मग कोणाचं तरी मागा, ते चालेना, मग हातावर गिरवून बघा, तेवढ्यात दोन वाक्यं व्हायची. सेल्फीत दोघंही फोनकडे बघतात, एकमेकांकडे कोणीच नाही, आणि मान वर करेपर्यंत तो गेलेला. खेळाडूही घाबरतात, आणि का घाबरू नये, लेवांडोव्स्की 2022 मध्ये बार्सिलोनाच्या ट्रेनिंग ग्राउंडबाहेर फॅन्ससाठी गाडी थांबवून सह्या देत होता तर एकाने त्याचं घड्याळच पळवलं. (मिळालं नंतर, पोलिसांनी पकडला.) उलटंही होतं, त्याच वर्षी एव्हर्टनच्या मैदानावर हरून परत जाताना रोनाल्डोने एका शाळकरी मुलाच्या हातातला फोन फटका मारून पाडला, दंड झाला, दोन मॅचची बंदी झाली. चौकातल्या पोराला बॉल आणि या पोराला हे. माणूस एकच. पोरांनी फक्त वेगवेगळी वेळ गाठली.

तर मी बेल्टपाशी. बॅग आली का विचारून झालंय, कान तापलेत, मी निर्लज्जासारखी बेल्टकडे बघतेय आणि बेल्ट रिकामाच फिरतोय. माझा उजवा गुडघा तेव्हा ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते, रविवारी टर्फवर हौसेने खेळायला जायचे त्यात लिगामेंट गेलं, त्यामुळे जास्त वेळ उभं राहिलं की मी सगळा भार डाव्या पायावर टाकते आणि उजवा ट्रॉलीच्या खालच्या दांडीवर ठेवते. सहज बाजूला बघितलं तर त्याचाही एक पाय ट्रॉलीच्या दांडीवर. दोन बगळे शेजारी शेजारी.

त्यानेच माझ्या पायाकडे मान हलवली. "गुडघा?"

"हो."

"कुठला?"

"उजवा."

"माझा डावा," तो म्हणाला.

आणि मग जे आम्ही बोलत सुटलो! जिना चढताना काही नाही हो, उतरताना जीव जातो, हे ज्याचा गुडघा गेलाय त्यालाच माहीत. फिजिओ शेवटचे दहा म्हणतो ते कधीच शेवटचे नसतात. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं म्हणजे दुसऱ्याचाच पाय. मी त्याला सांगितलं की मला सगळ्यात जास्त त्रास कमोडवरून उठताना होतो. हो, हे मी त्याला सांगितलं. ज्या माणसाच्या त्या पासबद्दल बोलायला मी पंधरा वर्षं थांबले होते त्याला. तो इतका मोठ्याने हसला की दोन-चार लोकांनी वळून बघितलं, आणि म्हणाला की भिंतीला हात टेकून उठायचं, तो तेच करतो.

तेवढ्यात माझी बॅग आली. मी पुढे झाले, तो पण मदतीला पुढे झाला, आणि वाकायच्या वेळी दोघंही अडकलो. बॅग आमच्या डोळ्यांसमोरून शांतपणे पुढे निघून गेली. दुसऱ्या फेरीला त्याचीही तिच्यामागे आली, आणि कानात इयरफोन घातलेल्या एका पोराने आमची अवस्था बघून दोन्ही बॅगा खेचून काढल्या, ट्रॉल्यांवर टाकल्या आणि कोणाच्याही तोंडाकडे न बघता निघून गेला.

पास राहूनच गेला. आधी निघालाही तोच.

दोनेक महिन्यांनी टीव्हीवर त्याची मॅच होती. तो शेवटची वीस मिनिटं उतरला, डाव्या गुडघ्याला पट्टी, आणि एका बॉलमागे पळता पळता मधेच थांबला. दादा सोफ्यावरून ओरडायला लागला, पळ ना लेका, फुकटचे पैसे घेतात साले. मी म्हटलं, "गप रे, थांबताना दुखतं त्याचं. जिना उतरताना पण."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यानेच."

दादाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, रिमोट घेऊन आवाज वाढवला.