एक्स-प्रो२, जीआर३ आणि आपल्याकडचं ऊन

या दोन्ही कॅमेऱ्यांचं कौतुक लोक भलत्याच कारणासाठी करतात असं माझं आता ठाम मत झालंय. फुजीच्या एक्स-प्रो२ चा विषय निघाला की प्रोफेशनल आहे, मेटल बॉडी आहे, लायका या जुन्या नावाजलेल्या जर्मन कॅमेऱ्यासारखा दिसतो, आणि रिकोच्या जीआर३ चा निघाला की खिशात मावतो, एवढंच. खिशात मावणारा कॅमेरा तर आता प्रत्येकाच्या मोबाईलमध्येच आहे, आणि बॉडी कशी दिसते त्यावर फोटो ठरत नाही. मी दोन्ही कॅमेरे आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात वापरतो, उन्हात, धुळीत, जत्रेत, लोकांच्या घरात, आणि मला दोघांचं जे आवडतं ते या जाहिरातीत कुठंच येत नाही म्हणून हे लिहायला बसलो.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, फोटोच्या क्वालिटीवरून या दोघांत भांडण लावू नका. एक्स-प्रो२ २०१६ चा, जीआर३ २०१९ चा, दोघांतही एपीएस-सी साइजचा (मोबाईलपेक्षा बराच मोठा) सेन्सर, दोघंही २४ मेगापिक्सेल. ए-थ्री साइजची प्रिंट भिंतीवर लावली तर कुठली कुठल्या कॅमेऱ्याची हे मलाही लांबून सांगता येत नाही. फरक आहे तो वजनात, फुजी बॅटरी-कार्ड धरून ४९५ ग्रॅम, त्यावर २३ एमएम एफ२ लेन्स (एमएमचा आकडा लहान तेवढं रुंद दिसतं, एफचा लहान तेवढा उजेड जास्त) चढवली की अजून १८०, आणि रिको सगळं मिळून २५७. आणि खरा फरक आहे तो तुम्ही बघता कशातून यात.

एक्स-प्रो२ ला लोक रेंजफाइंडर म्हणतात, तर रेंजफाइंडर म्हणजे काय ते आधी सांगतो कारण नाव सगळे घेतात. जुन्या लायका एम३ मध्ये, १९५४ साली आलेला, वरच्या कोपऱ्यातल्या खिडकीतून बघितलं की मधोमध एक छोटा चौकोन दिसतो, त्यात एकाच गोष्टीच्या दोन प्रतिमा दिसतात, लेन्सची रिंग फिरवली की त्या सरकतात आणि एकमेकांवर नीट बसल्या की फोकस झाला. अंतर मोजायचं यंत्रच आहे ते. एक्स-प्रो२ मध्ये असलं काही नाही, त्याचा फोकस साधा ऑटोफोकस आहे, म्हणून त्याला रेंजफाइंडर-स्टाइल म्हणायचं. पण त्या लायकातली सगळ्यात भारी गोष्ट फुजीने ठेवली, ती म्हणजे डाव्या कोपऱ्यातली काचेची खिडकी. डोळा लावला की लेन्समधून नाही, सरळ काचेतून बाहेरचं दिसतं, त्यावर एक पांढरी फ्रेम तरंगते, फोटोत काय येणार ते तेवढ्यात. आणि पुढचा छोटा दांडा ओढला की तीच खिडकी इलेक्ट्रॉनिक होते, मग लेन्सला दिसतं ते आणि तसंच दिसतं.

आता ऊन. ज्यांनी एप्रिल-मेमध्ये जळगावला दुपारी एक वाजता रस्त्यावर उभं राहून बघितलंय त्यांना वेगळं सांगायची गरज नाही, ४४-४५ डिग्री, डांबर मऊ पडलेलं, सगळ्या पांढऱ्या भिंती डोळ्यात घुसतात. या उन्हात जीआर३ ची मागची स्क्रीन म्हणजे काळी पाटी. ब्राइटनेस कितीही वाढवा, स्वतःचाच चेहरा आणि मागचं आकाश दिसतं, फ्रेम दिसत नाही, आणि जीआरला डोळा लावायला खिडकीच नाही. वर लावायचा वेगळा ऑप्टिकल फाइंडर मिळतो पण तो लावला की कॅमेरा खिशात जात नाही, मग घेतला कशाला. रिव्ह्यू वाचताना हे कुणी फारसं बोलत नाही कारण बरेचसे रिव्ह्यू लंडन नाहीतर टोकियोच्या ढगाळ गल्लीत लिहिलेले असतात. आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने ऊनच ऊन आणि तिथं फुजीची काच नंबर एक. तिला बॅटरी लागत नाही बघायला, तिच्यावर चकाकी येत नाही, आणि सावलीतला माणूस स्क्रीनवर काळा दिसतो तो काचेत आपल्या डोळ्याला दिसतो तसा दिसतो.

काचेचं दुसरं सुख सारंगखेड्याला कळतं. तापीकाठी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि सोबत घोड्यांचा बाजार, तो ज्यांनी बघितला नाही त्यांनी एकदा तरी बघावाच. घोड्याची चाल दाखवायला मालक त्याला लोकांच्या मधून पळवत आणतो, दोन्हीकडे माणसं, मधे अरुंद वाट, आणि घोडा येतो तो एकदम येतो. स्क्रीनमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक फाइंडरमध्ये घोडा फ्रेममध्ये आल्यावर दिसतो, तोपर्यंत अर्धा निघून गेलेला असतो. फुजीच्या काचेत २३ ची फ्रेम लावली की फ्रेमच्या बाहेरचंही दिसत राहतं, घोडा डावीकडून येतोय, त्याच्या पुढं एक पोरगं पळतंय, उजवीकडं म्हातारे बाबा काठी टेकून उभे, हे सगळं आधीच दिसतं आणि घोडा रेषेला टेकला की बोट दाबायचं. ही सोय महागड्या मोठ्या डीएसएलआरमध्ये पण नाही (त्यात लेन्समधूनच बघावं लागतं), हे फक्त खिडकीवाल्या कॅमेऱ्यातच. फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर लायका घेऊन का हिंडले ते मला त्या बाजारात उभं राहून समजलं.

त्या बाजारात फुजीचा अजून एक परिणाम होतो तो लोकांवर. गळ्यात पट्टा, हातात काळा धातूचा कॅमेरा म्हटला की माणूस विचारतोच, तुम्ही कोनता पेपरना शेतस? मी सांगतो पेपरचा नाही, हौस आहे, तरी घोड्याचा मालक पागोटं सारखं करतो, घोड्याची आयाळ हाताने बसवतो आणि उभा राहतो. तो फोटो मला हवा असतो. काही लोक म्हणतात पोज दिलेला फोटो खोटा, मला अजिबात पटत नाही, माणसाने स्वतःला कसं दाखवायचं ठरवलं तेही खरंच आहे की, आणि आपल्याकडच्या लोकांना फोटोची किंमत माहितीय म्हणून ते नीट उभे राहतात. मोठा कॅमेरा त्यांना तो वेळ देतो.

आता जीआरकडे येतो, कारण वरचं सगळं वाचून वाटेल की मी त्याला नावं ठेवतोय, तसं नाहीये. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, ही आमच्या खान्देशातली देवी, बसते, ज्यांच्या घरी असते तिथं सगळी भाऊबंदकी गोळा, रोटांचा स्वयंपाक, रात्रभर गाणी, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. अशा घरात दहा बाय दहाच्या खोलीत तीस माणसं बसलेली असतात. तिथं मी फुजी नेत नाही. नेला की काकू-मावश्या गाणं थांबवून पदर सारखा करतात, पोरं लेन्सपुढं येऊन उभी राहतात, आणि जो माणूस तुमच्या घरचा म्हणून आलेला असतो तो एकदम फोटोग्राफर होऊन जातो. जीआर हातात असला की त्याच मावशी म्हणतात, बस ना भाऊ, पयले जेवन कर. मांडीवर कॅमेरा ठेवून जेवता येतं आणि मधेच एक फोटो निघतो. त्याचा शटर लेन्सच्या आत पाकळ्यांचा आहे, आवाज इतका बारीक की शेजारच्याला कळत नाही. फुजीत पण इलेक्ट्रॉनिक शटर लावून आवाज पूर्ण बंद करता येतो, पण हल्ली प्रत्येक घरात एलईडी ट्यूब आणि झगमगत्या माळा, त्यात इलेक्ट्रॉनिक शटर वापरला की फोटोवर आडवे पट्टे उमटतात आणि हलणारे हात वाकडे दिसतात, त्यामुळे तो उपाय कामाचा नाही.

आणि स्नॅप फोकस, ही जीआरची खरी कमाई. मेनूत एकदा अंतर ठरवून ठेवायचं, दीड मीटर, दोन, अडीच, आणि बटण अर्धं न दाबता एकदम पूर्ण दाबायचं, कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, ठरवलेल्या अंतरावर थेट फोटो घेतो. लेन्स १८.३ एमएमची, म्हणजे जुन्या फिल्मच्या हिशोबाने २८, फुजीच्या २३ पेक्षा रुंदच, एफ८ ठेवला आणि अंतर अडीच मीटर तर साधारण सव्वा मीटरपासून पुढचं सगळं शार्प येतं. भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर गाडी थांबते तेव्हा खिडकीतून केळी, चहा, पैसे असे एकदम सगळे हात बाहेर येतात, तिथं हे सेटिंग लावून एका हाताने फोटो काढून बघा, फुजीचा ऑटोफोकस चांगला असूनही तिथं अर्धा सेकंद मागे पडतो. आणि दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही हे जे मी वर म्हणालो त्याला पण थोडाफार इलाज हाच, अंतर माहितीय, २८ मध्ये काय मावतं याची सवय झालीय, मग स्क्रीन न बघताच काढायचं. पण फ्रेमचे काठ नीट लागत नाहीत हे मान्य करावं लागतं, आणि मला काठ महत्वाचे वाटतात.

२८ ची दुसरी बाजू म्हणजे जवळ जावं लागतं. हे मला फार महत्वाचं वाटतं आणि थोडं रागानेच लिहितो. अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची राजवाडी होळी असते, रात्रभर ढोल, मोरपिसांचे टोप घातलेले, अंगावर नक्षी काढलेले गडी, आणि पहाटे होळी पेटते. तिथं शहरातून येणारे लोक लांबून २०० च्या लेन्सने आदिवासी बायकांचे चेहरे टिपतात, एक शब्द बोलत नाहीत, प्राणी संग्रहालयात आल्यासारखे. जीआरने ते करताच येत नाही. झूम नाही, चेहरा हवा तर हाताच्या अंतरावर जा, म्हणजे ती बाई तुम्हाला बघणार, तुम्ही तिला बघणार, नको म्हणाली तर नको. फुजीवर ३५ नाहीतर २३ लावली तरी हीच शिस्त राहते, आणि ५६ सारखी लांबची लेन्स लावली तर काचेतली फ्रेम एवढी छोटी होते की त्या कॅमेऱ्याचा मुद्दाच संपतो. म्हणजे जवळ जायची सक्ती दोघंही करतात, आणि माझ्यासाठी दोघांमधलं सगळ्यात मोठं साम्य हेच.

अंधाराचा हिशोब थोडा उलटसुलट आहे. हिवाळ्यात यावल-रावेरकडे शेतात भरीत पार्टी होते, काट्यांवर वांगी भाजतात, उजेड फक्त जाळाचा आणि एखाद्या बॅटरीचा. फुजीची लेन्स एफ२, जीआरची एफ२.८, म्हणजे फुजीला एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड. पण जीआरच्या सेन्सरला हात हलल्याची भरपाई करणारी सिस्टीम आहे आणि फुजीत नाही, त्यामुळे वांग्यांची रास, बसलेली माणसं, जाळामागची केळीची बाग असं स्थिर काही असेल तर जीआर हातात धरून एक अष्टमांश सेकंदाच्या शटरला पण न हललेला फोटो देतो. कुणी मुसळीनं भरीत बडवतंय, हात हलतायत, तर फुजीच लागतो. फ्लॅश दोघांतही नाही, जीआर२ मध्ये होता तो रिकोने तिसऱ्यात काढून टाकला, मला त्याची अजून हळहळ आहे.

धुळीचं थोडक्यात सांगतो. फुजीची बॉडी ६१ ठिकाणी सील केलेली आहे आणि २३ ची ती लेन्स पण सीलवाली, जिनिंगमध्ये कापसाचा तूस उडत असताना मी बिनधास्त काढतो. जीआरला सीलिंग नाही, वर त्याची लेन्स प्रत्येक वेळी आत-बाहेर होते, धूळ सोबत घेऊन आत जायला तेवढी वाट पुरते. म्हणून जिनिंग, घोडेबाजाराचं रिंगण, मळणी, इथं जीआर बाहेर काढायचा नाही म्हणजे नाही. बॅटरी पण त्याची लहान, कंपनीच्याच आकड्यानुसार दोनशेक फोटो, यूएसबी-सी ने पॉवरबँकवर चार्ज होतो हे बरंय. दोन जादा बॅटऱ्या घ्याच.

काचेची एक अडचण पण सांगायला हवी. खिडकी लेन्सच्या बाजूला आहे, त्यामुळे जवळच्या वस्तूचा फोटो काढताना डोळ्याला दिसतं ते आणि लेन्सला दिसतं ते थोडं सरकतं. फुजी फ्रेम हलवून ते सावरून घेतो पण हातभर अंतरावर भरवसा नको, तिथं दांडा ओढून इलेक्ट्रॉनिकवर जायचं. चाळीसगावला फोटोग्राफर केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय, स्टेशनपासून जवळच. हा माणूस कित्येक दशकं घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही आणि घरातल्या घरात टेबलावर वस्तू मांडून, उजेड लावून अख्खे देखावे उभे करायचा. ते फोटो समोर उभं राहून बघा, तिथं दोराभर सरकलेली काडी पण चालत नाही. अशा कामाला ना काचेची खिडकी उपयोगी ना स्नॅप फोकस, तिथं स्टँडवरचा कॅमेरा आणि भरपूर सबुरी. ज्यांना घरात बसून असं काम करायचंय त्यांनी या दोन्हींवर पैसे घालू नयेत, सरळ सांगतो.

एकच ठेवायचा असेल तर कुठला, तर मी एक्स-प्रो२ ठेवीन. मोठा आहे, जड आहे, कानबाईच्या खोलीत अडचणीचा होतो, तरीही. कारण माझे बहुतेक फोटो उन्हातले आणि हलणाऱ्या गोष्टींचे आहेत आणि त्या काचेला मला दुसरा पर्याय सापडलेला नाही. तुमचे फोटो घरातले, प्रवासातले, माणसांच्या जवळचे असतील तर जीआर३ घ्या आणि २८ फार रुंद वाटत असेल तर जीआर३एक्स बघा, तो २०२१ ला आला, तोच कॅमेरा पण लेन्स ४० च्या हिशोबाची. एक्स-प्रो२ आता नवीन मिळत नाही, जुना घेताना काचेच्या आत बुरशी आहे का ते उजेडाकडे धरून बघा, पुढचा दांडा दोन्ही बाजूंना सात-आठ वेळा ओढून बघा, आणि शटरच्या डायलच्या पोटात आयएसओचा (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते ठरवायचा) डायल आहे तो वर उचलून फिरतो का तेही बघा. जुना जीआर घेताना एफ१६ ला मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढून मोठा करून बघायचा, आत धूळ गेलेली असेल तर काळे ठिपके लगेच दिसतात, आणि दिसले तर तो कॅमेरा सोडून द्यायचा कारण लेन्स निघत नाही, साफ करायला अख्खा कॅमेरा उघडावा लागतो.