क्रेडिट युनियनचं कार्ड आणि वाढीव लिमिट: फाइल वाचणाऱ्याला काय दिसतं

क्रेडिट स्कोअर ७६० असूनही क्रेडिट कार्डावर लिमिट मिळालं फक्त २,००० डॉलर, असं का? अमेरिकेत क्रेडिट युनियनकडे पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. स्कोअर सांगतो की तुम्ही घेतलेले पैसे वेळेवर फेडता. तुमची कमाई किती, महिन्याला हप्त्यांत किती जातं, याबद्दल तो काहीच सांगत नाही. लिमिट ठरतं ते उत्पन्नावर, चालू हप्त्यांवर आणि त्या संस्थेने एका सभासदाला विनातारण जास्तीत जास्त किती द्यायचं ठरवलंय त्यावर. म्हणून अर्जाआधीची मेहनत या तीन गोष्टींवर घ्या.

क्रेडिट युनियन म्हणजे सभासदांच्या मालकीची पतसंस्था. फेडरल क्रेडिट युनियन १९३४ च्या कायद्याखाली चालतात, त्यांच्यावर एनसीयूए या फेडरल नियामक संस्थेची देखरेख असते आणि ठेवींना प्रत्येक सभासदामागे २,५०,००० डॉलरपर्यंत विमा असतो. कार्ड घेणाऱ्याच्या दृष्टीने मोलाचा नियम वेगळाच आहे: फेडरल क्रेडिट युनियनला कार्डावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. ही मर्यादा १९८७ पासून टिकून आहे. बँकांच्या कार्डांवर वीस टक्क्यांच्या वरचे दर सर्रास दिसतात, त्यामुळे हे सभासदाच्या भल्याचंच. पण याला दुसरी बाजू आहे. बँक जोखमीच्या ग्राहकाला २८ टक्क्यांनी कार्ड देऊन बुडीताची भरपाई करू शकते. क्रेडिट युनियनकडे तो मार्ग नाही, म्हणून शंका आली की ती दर वाढवत नाही, लिमिट आखडते किंवा सरळ नकार देते. राज्याच्या कायद्याखाली नोंदलेल्या क्रेडिट युनियनना मात्र आपापल्या राज्याचे नियम लागू होतात.

कार्डाआधी सभासदत्व. प्रत्येक संस्थेचं सभासद-क्षेत्र ठरलेलं असतं: एखादी कंपनी, एखादी काउंटी, सैन्यदल, एखादी संघटना. घरातलं कोणी आधीपासून सभासद असेल तर त्या नात्यावरही प्रवेश मिळतो. शेअर सेव्हिंग्ज खात्यात बहुतेक ठिकाणी ५ डॉलरच्या आसपास रक्कम ठेवावी लागते. तो संस्थेतला तुमचा मालकीचा भाग (शेअर) आहे, त्यामुळे तो काढून घेऊ नका. इथे दोन अडथळे हमखास येतात. पहिला चेक्ससिस्टम्सचा, म्हणजे बँक खात्यांच्या जुन्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा: जुन्या बँकेत खातं उणे सोडून दिलं असेल तर त्याची नोंद तिथे सापडते आणि गाडी सभासदत्वावरच अडते. दुसरा पत्त्याचा. लायसन्सवर एक पत्ता, क्रेडिट रिपोर्टवर दुसरा, अर्जात तिसरा अपार्टमेंट नंबर, असं झालं की ओळख पटत नाही आणि अर्ज हाताने तपासायच्या ढिगात जाऊन पडतो. सभासदत्वासाठी हार्ड पुल (क्रेडिट रिपोर्टवर नोंद राहणारी, स्कोअर थोडा खाली आणू शकणारी चौकशी) होतो का, हेही आधीच विचारून घ्या. संस्थेगणिक उत्तर वेगळं असतं.

अर्जाच्या महिनाभर आधी इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंचे (लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांचे) रिपोर्ट काढा. ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवर ते आता दर आठवड्याला फुकट मिळतात. चुकीची नोंद दिसली तर तेव्हाच डिस्प्यूट (दुरुस्तीची तक्रार) टाका, कारण चौकशीला साधारण ३० दिवस लागतात आणि अर्ज टाकल्यावर ती धावपळ करून काही साधत नाही. क्रेडिट फ्रीझ (नव्या संस्थांना रिपोर्ट दिसू नये म्हणून घातलेलं कुलूप) लावलेला असेल तर संस्था नेमका कोणत्या ब्युरोचा रिपोर्ट ओढते हे फोनवर विचारा आणि तेवढाच उघडा. ऑनलाइन किंवा फोनवरून सांगितल्यावर ब्युरोला तासाभरात फ्रीझ काढावा लागतो, त्याला पैसे पडत नाहीत. फ्रीझ तसाच ठेवून अर्ज केला तर रिपोर्टच मिळत नाही आणि चांगली फाइल विनाकारण परत येते.

आता युटिलायझेशन, म्हणजे लिमिटपैकी किती टक्के वापरलंय ते. इथे देय तारीख आणि स्टेटमेंटची तारीख यांत गफलत होते. समजा तुमच्याकडे ५,००० डॉलर लिमिटचं एक कार्ड आहे. स्टेटमेंट दर महिन्याच्या १२ तारखेला बनतं आणि देय तारीख पुढच्या महिन्याची ७. तुम्ही महिन्याला ३,००० खर्च करता आणि ७ तारखेला पै न् पै भरता. व्याज शून्य, शिस्त उत्तम. पण बहुतेक कार्ड कंपन्या ब्युरोला कळवतात तो १२ तारखेचा आकडा, म्हणजे ३,०००. रिपोर्टवर ६० टक्के वापर दिसतो. तेच तुम्ही १० तारखेच्या आत २,६०० भरून टाकले तर स्टेटमेंट ४०० चं बनतं आणि वापर ८ टक्क्यांवर येतो. खर्च तोच, उत्पन्न तेच, तरी स्कोअर वेगळा. फायको या प्रचलित क्रेडिट स्कोअरच्या गणितात देणं किती आहे या भागाला ३० टक्के वजन आहे, वेळेवर भरण्याला ३५. बहुतेक फायको आवृत्त्या मागच्या महिन्यांचा वापर लक्षात ठेवत नाहीत, म्हणून अर्जाआधीचं एक स्टेटमेंट असं नीट बसवलं तरी काम होतं. १० तारखेला भरलेले पैसे पोस्ट व्हायला दोन-तीन दिवस लागू शकतात, ते धरून चाला. ऑटोपेवर विसंबू नका, तो स्टेटमेंट बनल्यानंतरच पैसे उचलतो.

हप्त्यांचं गणितही कागदावर मांडून बघा. वर्षाचं एकूण उत्पन्न ७२,००० डॉलर म्हणजे महिन्याला ६,०००. भाडं १,६००, गाडीचा हप्ता ४२०, जुन्या कार्डाचं किमान देणं ९०. बेरीज २,११०, म्हणजे उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांहून थोडं जास्त. जुनं कार्ड पूर्ण फेडलं की ते ९० गळतात आणि प्रमाण ३४ च्या खाली येतं. संस्थेचा आतला निकष नेमका या दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर तेवढ्यानेही निकाल फिरतो. मित्राच्या किंवा भावाच्या कर्जाला तुम्ही सहकर्जदार असाल तर तो अख्खा हप्ता तुमच्या नावावर धरला जातो, मग प्रत्यक्षात तो कोणीही भरो. दुसऱ्याच्या कार्डावर ऑथराइज्ड युजर (ते कार्ड वापरायची परवानगी असलेला) म्हणून नाव असेल तर तेही रिपोर्टवर येतं. ती व्यक्ती कार्ड काठोकाठ वापरत असेल तर अर्जाआधी नाव काढून घेतलेलं बरं.

फॉर्मवर विचारतात ते कर कापण्यापूर्वीचं वार्षिक उत्पन्न. हातात येणारा पगार बाराने गुणून लिहिणारे खूप आहेत, आणि त्यात ते स्वतःचंच नुकसान करतात. बोनस, भाड्याचं उत्पन्न, दुसरी नोकरी हे धरता येतं, फक्त कागद मागितला तर दाखवता आला पाहिजे. वय २१ किंवा त्याहून जास्त असेल तर जोडीदाराचं जे उत्पन्न वापरण्याचा तुम्हाला रास्त भरवसा आहे तेही मांडता येतं. २०१३ मध्ये नियमात हा बदल झाला. नोकरी न करणाऱ्या कित्येक नवरा-बायकोंना हे ठाऊकच नसतं आणि ते रकान्यात शून्य भरून मोकळे होतात. २१ च्या आतल्यांना मात्र स्वतःचं स्वतंत्र उत्पन्न दाखवावं लागतं किंवा सहकर्जदार द्यावा लागतो, तोही ती संस्था घेत असेल तरच. आकडा फुगवायचा विचार मनातही आणू नका. क्रेडिट युनियनला अर्जात जाणूनबुजून खोटं सांगणं हा फेडरल गुन्हा आहे, आणि त्याला ३० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कागद आधीच स्कॅन करून ठेवा: शेवटच्या दोन पे स्टब (पगाराच्या पावत्या), डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कराचा फॉर्म), पत्त्याचा पुरावा. स्वतःचा धंदा असेल तर दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न, शेड्यूल सी (धंद्याच्या नफा-तोट्याचा फॉर्म) सकट. इथे धंदेवाल्यांची पंचाईत होते. खर्च दाखवून दाखवून निव्वळ नफा खाली आणलेला असतो, आणि अंडररायटर, म्हणजे फाइल वाचून निर्णय घेणारा, बघतो तो निव्वळ नफाच. व्हिसावर असाल तर इमिग्रेशनची कागदपत्रंही मागू शकतात, नियमांनुसार संस्थेला ती विचारात घेता येतात. भारतातला क्रेडिट इतिहास अमेरिकी ब्युरोंच्या रिपोर्टवर आपोआप येत नाही, त्यामुळे पाटी कोरीच धरली जाते.

पाटी कोरी असेल किंवा जुने डाग असतील तर शेअर-सिक्युअर्ड कार्डापासून सुरुवात करा. तुमच्याच सेव्हिंग्ज खात्यातली ठरावीक रक्कम अडकवून ठेवतात आणि साधारण तेवढंच लिमिट देतात. दोन गोष्टी विचारा: तिन्ही ब्युरोंना कळवता का, आणि साध्या कार्डात रूपांतर कधी, कोणत्या निकषावर होतं? दुसऱ्याचं उत्तर गोलमोल आलं तर दुसरी संस्था बघा.

सहीआधी करारातलं तारणाचं कलम जरूर वाचा. यावर पुरेसं बोललं जात नाही, आणि नंतर लोकांना खरोखर त्रास होतो. थकलेलं कार्डाचं बिल ग्राहकाच्या ठेवीतून परस्पर वळतं करून घ्यायला कार्ड देणाऱ्यांना नियमाने मनाई आहे. अपवाद आहे तो तुम्ही वेगळी संमती देऊन ठेवीवर तारणहक्क दिला असेल तर, आणि क्रेडिट युनियनच्या करारांत अशी संमती बऱ्याचदा असते. बिल थकलं तर सेव्हिंग्जमधले पैसे त्यांना घेता येतात. त्याच संस्थेकडून गाडीचं कर्ज घेतलं असेल आणि त्या करारात क्रॉस-कोलॅटरल कलम (एका कर्जाचं तारण दुसऱ्या कर्जालाही लागू करणारं) असेल, तर गाडीचे सगळे हप्ते फिटूनही कार्डाच्या थकबाकीसाठी गाडीचं टायटल (मालकीचा कागद) अडवून ठेवता येतं. म्हणून पगाराचं आणि आणीबाणीचं मुख्य खातं वेगळ्या संस्थेत ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

लिमिट वाढवून मागण्याची वेळही निवडावी लागते. अनेक संस्था खातं उघडल्यापासून किंवा मागच्या वाढीपासून सहा महिने जाऊ देतात, काही त्याहून लवकर ऐकतात. ऑनलाइन बटण दाबण्याआधी फोन करून तीन प्रश्न विचारा. हा हार्ड पुल आहे की सॉफ्ट (स्कोअरला धक्का न लावणारा)? मागितलेला आकडा बसत नसेल तर तुम्ही कमी आकडा देऊ करता की थेट नकार? आणि एका सभासदाला सगळ्या विनातारण कर्जांची मिळून कमाल मर्यादा किती? तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा. त्या मर्यादेत कार्ड, पर्सनल लोन, ओव्हरड्राफ्टची लाइन हे सगळं एकत्र मोजलं जातं. कधी न वापरलेली ५,००० ची लाइन नुसती पडून असेल तर ती बंद करून तेवढी जागा कार्डाला मागता येते. त्याच संस्थेची दोन कार्डं असतील तर एकावरचं लिमिट दुसऱ्यावर सरकवून मागा. एकूण जोखीम वाढत नसल्यामुळे याला होकार मिळणं सोपं जातं.

वाढ मागितली की उत्पन्न पुन्हा विचारतात. फेडण्याची ऐपत वाढीच्या वेळीही तपासायला नियमानेच त्यांना बांधलेलं आहे. पगार वाढला असेल तर तो नोंदवल्यावरच मागणी करा. कार्ड सहा महिने खणात पडून असेल तर वाढ कशासाठी, हे अंडररायटरला कळत नाही. आणि दर महिन्याला ते ९५ टक्के भरलेलं असेल तर त्याला गरज दिसते, ऐपत दिसत नाही. कार्ड नियमित वापरलेलं आणि दर महिन्याला पूर्ण भरलेलं असेल तर बाजू भक्कम होते. २,००० वरून २५,००० मागू नका. ५,००० किंवा ६,००० मागा, कारणाच्या रकान्यात एक साधं खरं वाक्य लिहा, आणि पुढची वाढ पुढच्या खेपेला.

नकार आला तर पत्र फेकू नका. अर्ज पूर्ण भरलेला असेल तर ३० दिवसांत निर्णय कळवणं त्यांना बंधनकारक आहे. पत्रात कारणं असतात, किंवा कारणं मागण्याचा हक्क कळवलेला असतो. तसं असेल तर ६० दिवसांत मागा. रिपोर्टच्या आधारे नकार दिला असेल तर वापरलेला स्कोअर आणि ब्युरोचं नावही असतं, आणि त्या ब्युरोकडून ६० दिवसांत फुकट रिपोर्ट मिळतो. कारण 'उत्पन्नाची पडताळणी झाली नाही' किंवा 'ओळख पटली नाही' असं असेल तर त्याच दिवशी कर्ज विभागाला फोन लावा, अर्जाचा नंबर सांगा, पे स्टब पाठवा आणि माणसाकडून फेरतपासणी मागा. क्रेडिट युनियनमध्ये असा फोन उचलणारा बऱ्याचदा फाइल उघडून बघू शकणाराच असतो. कारण 'अलीकडे फार चौकश्या' असेल तर फोनने काही हलणार नाही. हार्ड पुल रिपोर्टवर दोन वर्षं राहतो, फायको स्कोअरमध्ये तो १२ महिने मोजला जातो. 'खात्यांच्या मानाने शिल्लक जास्त' असेल तर आधी फेडा, मग स्टेटमेंट बनू द्या, मग तोच ब्युरो उघडून नवा आकडा तिथे पोचलाय का ते डोळ्यांनी बघा, आणि त्यानंतरच पुन्हा अर्ज टाका.