व्हँकुव्हरहून व्हिक्टोरियाला जाताना

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील सर्वांत मोठे शहर व्हँकुव्हर असले, तरी प्रांताची राजधानी व्हिक्टोरिया आहे, आणि ती समुद्रापलीकडे एका विस्तीर्ण बेटाच्या दक्षिण टोकाला वसलेली आहे. त्या बेटाचे नाव व्हँकुव्हर बेट आणि व्हँकुव्हर शहर मात्र त्या बेटावर नाही, त्यामुळे नवख्या माणसाचा हमखास गोंधळ उडतो. गेली नऊ वर्षे मी व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नबी येथे राहते आणि कामानिमित्त वर्षातून चार-पाच वेळा व्हिक्टोरियाला जाते. घरी फोनवर हे सांगितले, की हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो: शिवडी ते न्हावा-शेवा जवळजवळ २२ किलोमीटरचा अटल सेतू झाला, मग तिकडे पूल कसा नाही?

पुलाचा विचार इथे अनेकदा झाला आहे. परंतु मधली जॉर्जिया सामुद्रधुनी मुंबईच्या खाडीसारखी उथळ नाही. तिची खोली काही ठिकाणी ३०० मीटरहून अधिक आहे आणि तळाशी मऊ गाळाचे जाड थर साचलेले आहेत. त्यात हा सारा किनारा भूकंपप्रवण आहे. म्हणून पर्याय उरतात ते बोटीचे आणि विमानाचे.

या दोहोंत निवड करताना प्रत्येक जण आधी विचारतो, की किती वेळ लागतो. बोटीला १ तास ३५ मिनिटे लागतात, पाण्यावरून उडणाऱ्या छोट्या विमानाला साधारण ३५ मिनिटे, आणि हेलिकॉप्टरलाही जवळपास तेवढीच. हे आकडे खरे आहेत, तरी केवळ त्यांच्या आधारे निर्णय घेऊ नये, असे मी अनुभवाने सांगते. मोजायचा तो दोन्ही काठांवर जाणारा वेळ, आणि तो वेळ आपण ठरवू तसाच जाईल याची खात्री किती, हेही पाहायचे.

हे मला गाडीने शिकवले. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी इथे प्रांताचा सण असतो आणि त्याला जोडून तीन दिवसांची सुट्टी येते. पहिल्या वर्षी त्या सुट्टीत आम्ही जागेचे आरक्षण न करता गाडी घेऊन निघालो. व्हँकुव्हरच्या दक्षिणेला त्सवासन नावाचा धक्का आहे. किनाऱ्यापासून समुद्रात भराव घालून काही किलोमीटर लांब रस्ता काढलेला आहे आणि त्याच्या टोकाला बोटी लागतात. तिथे गाड्यांच्या आखलेल्या रांगांपैकी एका रांगेत आम्हाला उभे केले. पुढची बोट भरली, त्यानंतरची भरली, आणि तिसऱ्या बोटीत आमची गाडी चढली. चार तास आम्ही तापलेल्या डांबरावर उभे होतो आणि मुलगा मागच्या आसनावर पुनःपुन्हा विचारत होता, की आपण बोटीत कधी बसणार. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून सुट्टीच्या दिवसांत आरक्षणाशिवाय गाडी न्यायची नाही, हा घरातला नियम झाला आहे. बेटावर पुढे लांब हिंडायचे असेल किंवा माणसे चार-पाच असतील, तर गाडी नेणे योग्यच. परंतु फक्त व्हिक्टोरिया शहर पाहायचे असेल, तर गाडीचे भाडे वेगळे, माणशी भाडे वेगळे आणि तिथे पार्किंगची जागा शोधणे आणखी वेगळे.

पाण्यावरच्या विमानाचे आकर्षण मला पूर्णपणे समजते. ते व्हँकुव्हरच्या भर वस्तीतील कोल हार्बरमधून उडते आणि व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाच्या इमारतीसमोरच्या बंदरात उतरते, म्हणजे दोन्ही काठांचा वेळ जवळजवळ वाचतो. सकाळी दहाची बैठक असेल, तर मी तेच घेते आणि शंभर डॉलरच्या वरचे तिकीट सोसते. मात्र सामान मोजकेच नेता येते, आणि ही विमाने वैमानिकाला डोळ्यांनी दिसेल तेव्हाच उडतात. हिवाळ्यात इथे दुपारी साडेचारच्या सुमारास अंधारून येते. सकाळी धुके उतरले, तर थांबून राहावे लागते. चाकांच्या विमानाचा पर्याय शहरातून निघणाऱ्याला मला कधीच पटला नाही, कारण व्हिक्टोरियाचा विमानतळ शहरापासून बराच उत्तरेला, बोटीच्या धक्क्याच्या बाजूला आहे.

मागच्या वर्षी आई आली, तेव्हा मी तिला पायी जाणाऱ्या प्रवाशांच्या मार्गाने न्यायचे ठरवले. कॅनडा लाइन या मेट्रो रेल्वेने ब्रिजपोर्ट स्थानक, तेथून ६२० क्रमांकाची बस, मग बोट, आणि पलीकडे स्वार्ट्झ बेच्या धक्क्यावरून ७० क्रमांकाची बस. घरापासून घरापर्यंत चार-साडेचार तास लागतात, पण पायी चढणाऱ्याला रांगेची चिंता जवळजवळ नसते. मात्र तिकीट बोट सुटण्याच्या किमान १० मिनिटे आधी घ्यावे लागते. बोटीचे भाडे माणशी वीस डॉलरच्या आसपास आहे. पासष्ट वर्षांवरील लोकांना सोमवार ते गुरुवार ते माफ असते, परंतु ही सवलत प्रांताच्या रहिवाशांना आहे, पाहुण्या आईवडिलांना नाही. म्हातारी माणसे घेऊन येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आईला धास्ती होती ती बोट लागण्याची. तिचे बालपण रत्नागिरीत गेले आणि भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या आगबोटीतून तिने लहानपणी प्रवास केलेला आहे. इथली बोट त्या मानाने फारच मोठी आहे. या मार्गावरील सर्वांत मोठ्या दोन बोटी १६७ मीटर लांब आहेत आणि प्रत्येकीत सुमारे २,१०० माणसे मावतात. ही सेवा प्रांत सरकारने जून १९६० मध्ये सुरू केली, कारण त्याआधी १९५८ मध्ये खासगी बोटींवरील संपांमुळे बेटाचा संपर्कच तुटायची वेळ आली होती.

जवळजवळ अर्धे अंतर कापल्यावर बोट गॅलिआनो आणि मेन या दोन बेटांमधल्या अरुंद वाटेत शिरते. तिला ॲक्टिव्ह पास म्हणतात. शिरण्यापूर्वी बोटीचा भोंगा इतका दीर्घ वाजतो, की छातीत घुमतो. मग दोन्ही काठ एकदम जवळ येतात, आणि खडकांवर वाकून उभी असलेली आर्ब्युटसची झाडे दिसतात. त्यांची तांबूस साल पेरूच्या सालीसारखी पापुद्र्यांनी सुटलेली असते आणि आतले खोड गुळगुळीत असते. आई उभ्याने हे सगळे पाहत होती. बोट लागण्याचे ती विसरूनच गेली.

स्वार्ट्झ बेला बोट धक्क्याला टेकली आणि बंदिस्त पादचारी पूल तिच्या दाराला येऊन लागला. आई दाराशी थबकली आणि मला विचारले, "पडावात नाही ना उतरायचं?" तिच्या लहानपणी आगबोट रत्नागिरीच्या बंदरात दूर उभी राहत असे, आणि माणसे व सामान हेलकावणाऱ्या पडावात उतरवून किनाऱ्याला नेत असत. मी नाही म्हटले, तेव्हा तिने कठडा धरला आणि ती सावकाश पूल चालून आली. बाहेर ७० क्रमांकाची दुमजली बस उभी होती. वरच्या मजल्यावरचे अगदी पुढचे आसन आम्हाला मिळाले.

दोन दिवस राहून आम्ही परतलो, ते संध्याकाळी सातच्या बोटीने. ती चुकली असती, तरी नऊची शेवटची बोट हाती उरली असती.